विमानशाळेचा सातबारा

मेहकरात विमानतळ नाही. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यातच प्रवासी विमान उतरत नाही. तरीही बारावी सायन्सचा निकाल लागला की शारंगधर बालाजीच्या या गावात एखाद्या घरी तरी पायलट होण्याचा विषय निघतोच. समृद्धी महामार्गात वावर गेलेले असते, मोबदल्याची काही रक्कम बँकेत असते, मुलीला किंवा मुलाला गणित बरे जमते. मग नागपूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या हॉटेलात भरलेल्या सेमिनारला बापलेक जाऊन येतात. परतताना हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका असते. तिच्यावर फ्लोरिडाचे निळे आभाळ, पांढरा शर्ट घातलेला हसरा तरुण आणि ‘बारा महिन्यांत कमर्शियल पायलट’ असे ठळक अक्षरांतले आश्वासन.

याच घरात एकरभर जमीन घ्यायची असती तर काय झाले असते? आधी सातबारा निघाला असता, फेरफार तपासला गेला असता, बोजा आहे का याची चौकशी झाली असती, तलाठ्याकडे दोन चकरा झाल्या असत्या आणि मगच इसार दिला गेला असता. साठ-सत्तर लाखांची विमानशाळा मात्र पुष्कळदा एका पीडीएफवर आणि एजंटच्या फोनवर ठरते. विमानशाळेचाही सातबारा असतो. तो कुठे मिळतो आणि कसा वाचायचा, एवढे कळले तरी निम्मी फसगत टळते.

या वाचनाची सुरुवात शाळेपासून करू नये. शाळा अमेरिकेत असो की दक्षिण आफ्रिकेत, भारतीय विमान कंपनीत नोकरी करायची तर परवाना लागतो भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा. परदेशात मिळालेला परवाना इथे जसाच्या तसा चालत नाही. त्याचे रूपांतर करून घ्यावे लागते. तेव्हा डीजीसीए काय मागते, ते आधी कागदावर लिहून काढावे आणि तो कागद शाळेसमोर ठेवावा.

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. या २०० तासांची फोड जास्त महत्त्वाची आहे. त्यांतले १०० तास विद्यार्थी स्वतः ‘पायलट इन कमांड’ हवा, म्हणजे विमानाची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या हाती हवी. या भूमिकेत २० तासांचा लांबचा प्रवास हवा; त्यात ३०० सागरी मैलांची एक फेरी आणि त्या फेरीत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेले लँडिंग हवे. दहा तास केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण हवे. रात्रीचे पाच तास आणि त्यात किमान दहा उड्डाणे व दहा लँडिंग हवीत. विमान कंपन्यांना लागणारे इन्स्ट्रुमेंट रेटिंग घ्यायचे तर ‘पायलट इन कमांड’ म्हणून लांबच्या प्रवासाचे ५० तास आणि उपकरणांवरचे एकूण ४० तास लागतात. या ४० पैकी २० पेक्षा जास्त तास सिम्युलेटरवर चालत नाहीत.

हे आकडे रुक्ष वाटतील, पण खरी गोम त्यांच्यातच आहे. अमेरिकेत विमानशाळा दोन प्रकारच्या नियमांखाली चालतात, पार्ट ६१ आणि पार्ट १४१. पार्ट १४१ ची शाळा जास्त शिस्तीची, ठरलेल्या अभ्यासक्रमाची समजली जाते आणि तिथे कमर्शियल परवाना किमान १९० तासांत मिळू शकतो. एजंट हे ‘कमी तासांत, कमी पैशांत’ म्हणून विकतो. डीजीसीएला हवेत २००. घरी परतल्यावर दहा तास कमी पडले तर ते इथल्या एखाद्या फ्लाइंग क्लबमध्ये रांग लावून, भारतीय दराने उडावे लागतात. पार्ट ६१ मध्ये २५० तास लागतात, म्हणजे एकूण आकडा पुरतो. पण त्यातले काही तास कसे मोजलेत ते बघावे लागते. अमेरिकी नियमांत विशिष्ट परिस्थितीत एकाच विमानातले दोन वैमानिक एकाच वेळी ‘पायलट इन कमांड’चे तास आपापल्या लॉगबुकात लिहू शकतात: एक डोळ्यांवर झापड लावून उपकरणांवर विमान चालवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर लक्ष ठेवतो. तिथे हे कायदेशीर आहे. इकडे मात्र अशा तासांवर प्रश्न उभा राहतो. ‘टाइम बिल्डिंग’ स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्या शाळेला म्हणूनच सरळ विचारावे, माझे १०० तास कोणाकोणाबरोबर आणि कसे होणार?

डीजीसीएच्या गरजांचा रकानेवार तक्ता शाळेला ईमेलने पाठवावा आणि प्रत्येक रकान्यासमोर त्यांच्या अभ्यासक्रमातले तास लेखी भरून मागावेत. भारतीय विद्यार्थी नेहमी घेणारी शाळा हा तक्ता दोन दिवसांत भरून पाठवते. जी शाळा ‘काळजी करू नका, आमचे सगळे विद्यार्थी भारतात कन्व्हर्ट होतात’ एवढेच उत्तर देते, तिचे नाव तिथेच खोडावे.

शाळांची यादी करण्याआधी घरबसल्या उरकायची काही कामे आहेत, आणि त्यांतले पहिले वैद्यकीय तपासणीचे. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू आणि त्यानंतर क्लास वन मेडिकल. रंगांधळेपणा, कानाचा किंवा हृदयाचा एखादा दोष इथे निघाला तर काही हजार रुपयांत कळतो; फ्लोरिडात पोचल्यावर निघाला तर किंमत लाखांत जाते. क्लास टू झाले म्हणून विमानाचे तिकीट काढणारे बरेच असतात. क्लास वन हाती येईपर्यंत परदेशी शाळेला एक डॉलरही पाठवू नये, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा.

दुसरे काम नावाचे. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर कधी तिसराच, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे ‘ए’ कमी-जास्त. मेहकरच्या तहसीलमध्ये हे खपून जाते. डीजीसीएचा परीक्षेसाठीचा संगणक क्रमांक, परदेशी परवाना, व्हिसा आणि बोर्डाकडून होणारी गुणपत्रिकेची पडताळणी या चारही ठिकाणी एकच नाव एकाच तऱ्हेने हवे. परवाना हाती आल्यावर राजपत्रात नाव बदलत बसण्यापेक्षा बारावीच्या सुट्टीत हे उरकलेले बरे. गणित किंवा भौतिकशास्त्र राहिले असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तेवढे विषय देता येतात.

तिसरे काम लेखी परीक्षांचे. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल या डीजीसीएच्या परीक्षांना प्रत्येक विषयात ७० टक्के लागतात. त्या आधी इथेच देऊन टाकाव्यात. परदेशात जाऊन मग अभ्यास करू म्हणणारा विद्यार्थी दिवसा उडतो, संध्याकाळी स्वयंपाक करतो आणि पुस्तक उशाला घेऊन झोपतो. इथे पास होऊन गेलेल्याला तिकडचा ग्राउंड स्कूलचा भाग सोपा जातो, परतल्यावर रूपांतरासाठीच्या वेगळ्या लेखी परीक्षेचा अडसर राहत नाही, आणि मुख्य म्हणजे घरच्यांना एक गोष्ट स्वस्तात समजते: पोराला हा विषय खरोखर झेपतोय का. दोन-तीन लाखांत मिळालेले हे उत्तर साठ लाख वाचवू शकते.

आता खरा प्रश्न: परदेशात जायचेच कशाला? महाराष्ट्रात विमानशाळांची वाण नाही. १९२८ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब धुळ्यात शिकवतो. शिरपूर आणि बारामतीत शाळा आहेत, गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, नागपूर फ्लाइंग क्लब आहे. इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजनाही काढली होती. पात्र घरांनी तिच्या नव्या जाहिरातीवर नजर ठेवावी. आणि मेहकरहून सर्वांत जवळची ताजी घडामोड अमरावतीची. बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, एअर इंडियाने तिथेच स्वतःची प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा केली: ३४ प्रशिक्षण विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक.

देशी शाळांबाबत तक्रार असते ती वेळेची. विमाने कमी, प्रशिक्षक कमी, पावसाळ्यात आभाळ झाकलेले; त्यामुळे वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांवर जातो आणि वसतिगृहाचे भाडे चालू राहते. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून या शाळांची श्रेणीवारी जाहीर करायला सुरुवात केली आणि ती वर्षातून दोनदा निघणार असे ठरले. पहिल्या यादीत ३५ शाळा होत्या. ए-प्लस-प्लस किंवा ए-प्लस या वरच्या दोन श्रेणींत एकही बसली नाही; १३ शाळांना ए मिळाली, २२ शाळांना बी. ही यादी परदेशाकडे निघालेल्यांनीही वाचावी, कारण तीत शाळेची कामगिरी, सुरक्षितता, नियमपालन आणि विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य असे निकष लावलेले आहेत. तेच निकष फ्लोरिडाच्या शाळेला लावून बघायला कोणाची हरकत नाही.

थोडक्यात, परदेशी जाण्यात फायदा असेल तर तो वेळेचा आणि उड्डाणाच्या सातत्याचा. ‘फॉरेन ट्रेनिंग’ म्हणून भारतीय विमान कंपनी जास्त पगार देत नाही. निवड परीक्षेत सगळे एकाच रांगेत बसतात. पुस्तिकेत हे वाक्य कधी छापलेले नसते.

देश निवडताना अमेरिकेचा विचार बहुतेक जण आधी करतात आणि त्याला कारण आहे. विमाने भरपूर, धावपट्ट्या भरपूर, फ्लोरिडा-ॲरिझोना-टेक्सासमध्ये उडण्याजोगे दिवस भरपूर. परदेशी विद्यार्थ्याला बहुधा एम-१ व्हिसा मिळतो. त्यासाठी शाळा अमेरिकी सरकारच्या एसईव्हीपी यादीत असावी लागते आणि तिने आय-२० नावाचा कागद द्यावा लागतो. ही यादी सरकारी संकेतस्थळावर नाव टाकून कोणालाही तपासता येते, तिथे एजंटची गरज नाही. शिवाय उड्डाण सुरू होण्यापूर्वी वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, टीएसएची, स्वतंत्र मंजुरी लागते. यामागे इतिहास आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात विमाने पळवणाऱ्यांपैकी दोघे फ्लोरिडातल्या व्हेनिस गावच्या एका साध्या विमानशाळेत शिकले होते. तेव्हापासून परदेशी शिकाऊ वैमानिकाची बोटांच्या ठशांपासून छाननी होते. ‘आमच्याकडे एवढे काही लागत नाही’ असे म्हणणारा माणूस दिसला की पाठ फिरवावी.

अमेरिकेतली दुसरी अडचण प्रशिक्षकांची. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडले. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१३ पासून विमान कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारणपणे १,५०० तास लागू लागले. हे तास भरून काढायला तिथले तरुण वैमानिक शाळांत शिकवतात आणि आकडा पूर्ण झाला की दुसऱ्या दिवशी विमान कंपनीत जातात. परिणामी मेहकरच्या विद्यार्थ्याचा प्रशिक्षक अभ्यासक्रमाच्या मध्यात दोनदा-तीनदा बदलू शकतो. दर वेळी नवा प्रशिक्षक ‘आधी तुझे उडणे बघतो’ म्हणून दोन-तीन उड्डाणे जुनेच धडे घेतो, आणि मीटर चालू असतो. मागच्या वर्षात किती प्रशिक्षक सोडून गेले आणि प्रशिक्षक बदलला तर त्या उजळणीचे पैसे कोण भरणार, हे दोन्ही प्रश्न लेखी विचारण्याजोगे आहेत.

हाच १,५०० तासांचा नियम आणखी एक स्वप्न मोडतो. २०० तास घेऊन कोणालाही अमेरिकेतल्या विमान कंपनीत नोकरी मिळत नाही, आणि एम-१ व्हिसावर थोड्याशा प्रत्यक्ष प्रशिक्षणाची मुभा सोडली तर काम करता येत नाही. ‘तिकडेच सेटल’ हे वाक्य सेमिनारमध्ये ऐकू आले तर बाकीचे भाषण ऐकायची गरज उरत नाही.

कॅनडात शिस्त चांगली; पण हिवाळा लांब, आणि २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली आहे. जानेवारीत पोचणाऱ्याने बर्फात बंद पडणारे दिवस हिशेबात धरावेत. दक्षिण आफ्रिका खिशाला बरी पडते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये दर्जा आणि खर्च दोन्ही वरचे. युरोप-ब्रिटनमध्ये लेखी परीक्षाच तेरा विषयांच्या असतात आणि भारतात नोकरी करणाऱ्याला त्यांचा उपयोग फारसा नाही. युरोपात कामाचा हक्क नसताना तो खर्च का करायचा, याचे पटण्याजोगे उत्तर मिळालेले नाही.

शाळांची नावे दोन-तीनवर आली की मग शाळेच्या अंगणात काय चालते ते बघायचे. शाळेकडे किती विमाने आहेत हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तरही भारदस्त मिळते. विचारायचे ते असे: आज सकाळी उडण्याच्या स्थितीत किती विमाने होती, विद्यार्थी किती आहेत, देखभाल शाळेच्या स्वतःच्या हँगरमध्ये होते की बाहेर? दोन इंजिनांचे विमान किती? कारण विमान कंपनीला मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागते, आणि पुष्कळ शाळांत असे विमान एकच असते. ते दुरुस्तीला गेले की शेवटच्या टप्प्यातले सगळे विद्यार्थी खोलीत बसून राहतात. परीक्षकाची तारीख किती आठवड्यांनी मिळते, हेही विचारावे. अमेरिकेत परीक्षक कमी आहेत, त्यांची फी वेगळी आहे आणि एकदा नापास झाल्यावर पुन्हा तीच रांग असते.

मीटरचे गणितही समजून घ्यावे. बहुतेक शाळा हॉब्स मीटरवर पैसे घेतात आणि हे मीटर इंजिन सुरू झाल्यापासून चालते. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीच्या तोंडाशी सहा विमानांच्या मागे पंधरा मिनिटे उभे राहिले तरी त्याचे पैसे लागतात. लहान, निवांत विमानतळावर तेच पैसे हवेत खर्च होतात. पण मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी रेडिओ संभाषणाची भीती असलेल्या विद्यार्थ्याला गर्दीचा विमानतळ लवकर तयार करतो. सुरुवात निवांत धावपट्टीवर आणि शेवटचे महिने नियंत्रित विमानतळावर, अशी सोय असलेली शाळा सापडली तर दोन्ही साधते. जाहीर केलेल्या तासाच्या दरात इंधन धरले आहे का, इंधनाचा अधिभार वेगळा आहे का, जमिनीवरच्या ब्रीफिंगचे पैसे घेतात का, हे प्रश्न बारीक वाटतात. बिल मात्र त्यांच्यामुळेच फुगते.

सुरक्षिततेचा भाग पालक विचारायला कचरतात. कचरू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडातल्या चिलिवॅक इथे एक छोटे विमान कोसळून मुंबई परिसरातले दोन शिकाऊ वैमानिक मरण पावले. त्याच महिन्यात आपल्या बारामतीजवळ रेडबर्ड संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने चार दिवसांत पडली आणि डीजीसीएने संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेले विमान बालाघाटच्या जंगलात कोसळून प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. अपघात देशात होतो तसा परदेशातही होतो. अमेरिकेत एनटीएसबी, कॅनडात टीएसबी आणि ब्रिटनमध्ये एएआयबी या अपघात तपासणाऱ्या संस्थांचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. शाळेचे नाव किंवा तिच्या विमानांचे नोंदणी क्रमांक टाकून मागच्या दहा वर्षांतल्या नोंदी संध्याकाळभरात वाचून होतात. एखाद-दुसरा अपघात असणे म्हणजे शाळा वाईट असे नव्हे. तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली, देखभालीतला दोष पुन्हा पुन्हा निघाला, तर मात्र त्या शाळेकडे वळू नये.

माजी विद्यार्थ्यांशी बोलावे, पण शाळेने दिलेल्या तीन नंबरांवर नव्हे. गेल्या वर्षात परतलेला, अजून नोकरी न लागलेला विद्यार्थी सर्वांत खरे बोलतो. त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात: ठरलेल्या खर्चापेक्षा किती जास्त लागला, किती महिने लांबले, आणि डीजीसीएने कोणते कागद परत पाठवले.

पैशांबाबत एकच गोष्ट ठामपणे सांगता येते: सगळी फी आगाऊ भरू नये. ‘एकरकमी भरा, दहा टक्के सूट घ्या’ ही ऑफर गोड असते. आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचे पायलट ट्रेनिंग कॉलेज २०१२ च्या उन्हाळ्यात बंद पडले तेव्हा त्याचे अनेक विद्यार्थी प्रशिक्षणासाठी फ्लोरिडात होते. फी भरलेली, परवाना अर्धवट आणि शाळा गायब. त्याआधी, फेब्रुवारी २००८ मध्ये, लास व्हेगासच्या सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्सने एका रविवारी टाळे ठोकले आणि कर्ज काढून आगाऊ पैसे भरलेले दोन हजारांहून अधिक विद्यार्थी रस्त्यावर आले. एप्रिल २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीतली टेसाइड एव्हिएशन ही अनेक दशके चाललेली शाळा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या शाळा फडतूस नव्हत्या. त्यांच्याकडे मान्यता होती, इमारती होत्या, पुस्तिकाही होत्या.

म्हणून खात्यात एका वेळी तीस-चाळीस उड्डाणतासांपुरतीच रक्कम ठेवण्याची अट घालावी. टप्पा संपला की पुढचा हप्ता. न वापरलेले पैसे किती दिवसांत परत मिळतील, व्हिसा नाकारला तर किती कापतील, आजारपणात काय, हे करारात असावे. ईमेलमधले ‘डोन्ट वरी’ न्यायालयात चालत नाही. पैसे शाळेच्या नावाच्या बँक खात्यातच जावेत. एजंटच्या किंवा त्याच्या भावाच्या खात्यात मुळीच नाही.

कर्जाचे गणित मेहकरच्या घरांना वेगळे लागू पडते. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पुढे लागते. घरात दहा एकर असली तरी बँक शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असते, कारण थकीत कर्ज वसूल करण्याच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. राहते पक्के घर, एनए प्लॉट, दुकान किंवा मुदत ठेव याच गोष्टी चालतात. तेव्हा शाळेचा होकार यायच्या आधी बँक मॅनेजरला भेटावे, नंतर नव्हे. शाळेला तिथल्या विमान नियामकाची मान्यता आहे का आणि हा अभ्यासक्रम नोकरीसाठी ग्राह्य आहे का, हे बँकही विचारते. कर्ज न घेता जमीन विकून पैसे पाठवले तर वर्षाला दहा लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे उगमापाशी गोळा होणारा कर, घेते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याला शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. हे सगळे चिखलीच्या किंवा बुलढाण्याच्या कोणत्याही चार्टर्ड अकाउंटंटकडे अर्ध्या तासात समजून घेता येते.

एकूण अंदाज करताना पुस्तिकेतला आकडा सुरुवात समजावा. त्यात राहणे, खाणे, गाडी किंवा बस, विमा, परीक्षकांची फी, नापास झाल्यास पुन्हा परीक्षा आणि लांबलेल्या दोन-तीन महिन्यांचा खर्च मिळवावा. मग डॉलर वधारण्यासाठी काही टक्के. मग परतल्यावरचा रूपांतराचा खर्च. साठ लाखांची शाळा या हिशेबाने ऐंशीला टेकते. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजनांत निवड आधी होते आणि प्रशिक्षण नंतर, पण तिथे आकडा बहुधा एक कोटीच्या आसपास किंवा वर जातो. तरी ज्याची ऐपत आहे त्याने त्यांची निवड परीक्षा देऊन बघायला हवी. निवड झाली नाही तरी कंपनी काय पारखते ते समजते.

परतल्यावरचे सहा महिने सर्वांत घाईचे असतात, आणि इथेच बरेच जण ढिलाई करतात. डीजीसीए अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले ताजे उड्डाण मागते. ‘पायलट इन कमांड’चे किमान १५ तास त्या काळातले हवेत. कागद जमवण्यात, लग्नकार्यात, विश्रांतीत ते सहा महिने गेले तर पुन्हा क्लबमध्ये जाऊन तास उडावे लागतात. म्हणून शाळा सोडण्याआधीच सही-शिक्क्यांचे लॉगबुक, प्रशिक्षणाच्या नोंदी, प्रशिक्षकांच्या परवान्यांच्या प्रती आणि वापरलेल्या विमानांची कागदपत्रे यांचा पूर्ण संच हातात घ्यावा. परदेशी नियामकाकडून परवान्याची खातरजमा डीजीसीएकडे यावी लागते; तो अर्ज तिथे असतानाच टाकावा. एखादी सही राहिली आणि प्रशिक्षक शाळा सोडून गेला, तर त्याला ईमेलवर शोधत बसावे लागते. रूपांतराची प्रत्यक्ष उड्डाण चाचणी भारतात कोणत्या क्लबमध्ये, कोणत्या विमानावर द्यायची, याचे ठिकाणही परदेशात असतानाच ठरवून ठेवावे.

आणि नोकरी? एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची. हे आकडे सेमिनारमध्ये हमखास दाखवतात. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, हे दाखवत नाहीत. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी वैमानिक एकदम बाजारात आले आणि २०० तासांची नवी मुले रांगेच्या शेवटी ढकलली गेली. परवाना हाती आल्यावर वर्ष-दीड वर्ष पगाराविना काढावे लागू शकते, आणि तोवर कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. तेवढ्या काळाच्या हप्त्यांची तजवीज शाळेत नाव घालण्याआधी करावी.

याच काळात टाइप रेटिंगच्या जाहिराती दिसू लागतात. मोठे प्रवासी विमान चालवायचे तर त्या-त्या विमानाचे हे वेगळे प्रशिक्षण लागते आणि खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. ते स्वतःच्या पैशाने आधी करून ठेवले की नोकरी लवकर लागते, असे सांगितले जाते. पण इंडिगोचा भर एअरबस ए३२० वर आहे, अकासाचा बोइंग ७३७ वर, आणि उद्या भरती कोण काढेल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून हे पैसे कंपनीचे लेखी पत्र येईपर्यंत मुदत ठेवीतच राहू द्यावेत.